चौदावं टोपणनाव

आमच्या बाजारगल्लीत एक बातमी पक्की मानली जाते. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुराओका तोमिए-साननी म्हणे व्हिडिओ गेममधला तो तोफूवाला काढला, कंपनीने त्यांना फसवलं आणि आता त्या सूडाच्या तयारीत आहेत. म्हणूनच गेली वीस वर्षं त्या एकच तपकिरी स्वेटर घालतात. "वकिलासाठी साठवतेय बाई," असं मासेवाले इवासे-सान बांगडा साफ करता करता सांगतात. सांगण्याआधी सुरी अंगावरच्या फडक्याला पुसतात, डावीउजवीकडे बघतात आणि मग समोरच्या औषधवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजतात.

यातलं खरं एवढंच की स्वेटर तपकिरी आहे. तोही एक नाही, तीन आहेत, एकाच सेलमध्ये घेतलेले. तोफूवाला काढला एनोमोतो-सान नावाच्या गृहस्थांनी. तोमिए-सानना साधं वर्तुळ काढता येत नाही. एकदा त्यांनी मला दवाखान्याचा रस्ता कागदावर काढून दिला होता, तो बघून मी स्मशानात पोचले. आणि त्यांना कुणी फसवलेलं वगैरे नाही. त्यांचं काम वेगळं होतं. त्या गेम मोडायच्या.

हे समजायला कंपनीपासून सुरुवात करावी लागते. मिनाकुची युगि ही आमच्या आमागासाकीची कंपनी. एकसष्ट साली थोरल्या मालकांनी आणि त्यांच्या मेव्हण्याने ती काढली तेव्हा ते हत्ती बनवायचे. मोठ्या दुकानांच्या गच्चीवर मुलांनी नाणं टाकून बसायचे, पुढेमागे डुलणारे हत्ती. माझी आजी त्यावर बसून पडलेली आहे. मग अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीत कॉफीच्या दुकानांतली टेबलं उजळली. काचेखाली पडदा, त्यात खाली उतरणारे शत्रू, आणि मोठमोठे ऑफिसवाले कॉफी गार करत त्यांच्यावर गोळ्या झाडत बसलेले. हत्तीचे कारागीर एका महिन्यात टेबलांचे कारागीर झाले. पंचवीस वर्षांची तोमिए त्याच धामधुमीत डाग देण्याच्या रांगेत लागली, म्हणजे हिरव्या पट्टीवर तारा जोडायला. त्या हॉलमध्ये तीसतीस टेबलं एकाच वेळी किंचाळत असायची. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं ते तेव्हापासून.

एके दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्या तपासणीच्या टेबलावर बसल्या. दांडा डावीकडे ओढला, बटण दाबलं आणि त्याच क्षणी नाणं टाकलं. पडदा थिजला. शिराताकी-सान नावाचे तरुण प्रोग्रॅमर धावत आले.

"असं कुणी खेळतं का?" ते म्हणाले.

"मी खेळले," तोमिए म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी त्यांची जागा बदलली. तिथून पुढे पंचवीस वर्षं, म्हणजे दोन हजार चार साली कंपनीचे दिवे विझेपर्यंत, त्यांचं काम एकच होतं: कुणी खेळणार नाही तसं खेळायचं, मोडलं की वहीत लिहायचं, आणि लिहिलेलं घेऊन ज्याने बनवलं त्याच्या टेबलापाशी जाऊन "जरा बघता का" म्हणायचं. हे "जरा बघता का" त्या आजही म्हणतात. आईचं आणि माझं कोबीच्या धिरड्यांचं दुकान आहे, तिथे कोबी जाड चिरला गेला तरी म्हणतात.

कंपनीचं नाव झालं ते शहाऐंशी साली, 'पळा, तोफूवाले' या गेममुळे. खांद्यावर कावड, तोंडात भोंगा, बादलीत तोफू, म्हणजे सोयाबीनचं मऊ पनीर. मांजरं, सायकली, देवळाच्या पायऱ्या यांतून वाट काढत घरोघर पोचवायचा आणि तोफूचा एकही कोपरा तुटू द्यायचा नाही. शेवटचं घर गाठलं की काळ्या पडद्यावर तो बनवणाऱ्यांची चौदा नावं वर सरकायची. खरी नव्हे. 'उकडलेला ऑक्टोपस', 'बुधवारची रजा', 'तीनदा नापास' अशी. खरी नावं छापली तर दुसऱ्या कंपन्या माणसं पळवतील अशी थोरल्या मालकांना धास्ती होती, म्हणून सगळ्यांनी टोपणनावं घेतली. तेव्हा सगळीकडे हाच रिवाज. आणि टोपणनाव कुणाचं हे कुणी कुणाला विचारायचं नाही, हाही.

मग त्रिमिती गेम आले, आमच्या कंपनीचा तोफूवाला त्यात चालताना टेबलासारखा दिसायला लागला आणि सगळं संपलं. हक्क याने घेतले, त्याने विकले. आता ते टोकियोच्या एका कंपनीकडे आहेत. पुढच्या वर्षी चाळीस वर्षं होतात म्हणून ते गेम पुन्हा काढणार आहेत.

या सप्टेंबरात त्या कंपनीचे नारुमी-सान आमच्या दुकानात येऊन बसले. वय सत्तावीस, बोलणं टोकियोचं, म्हणजे प्रत्येक वाक्य इस्त्री करून आणलेलं. तोमिए-सानकडेच ते आले, कारण जुन्या लोकांचं वार्षिक जेवण त्याच ठरवतात आणि सगळ्यांचे पत्ते त्यांच्याकडे असतात.

"शेवटी खरी नावं द्यावीत असा आमचा विचार आहे," नारुमी-सान म्हणाले. "मात्र एका नावामागे दोन सहकाऱ्यांची लेखी साक्ष हवी. त्या माणसाने नेमकं काय काम केलं, ते. आणि चौदाच्या चौदा मिळाले तरच. एक जरी राहिलं तर पुढे वाद नकोत म्हणून सगळी टोपणनावं आहेत तशीच राहतील."

"कधीपर्यंत?"

"एकवीस नोव्हेंबर. शुक्रवार. पाच वाजेपर्यंत."

"बरं," तोमिए-सान म्हणाल्या आणि कव्हर घातलेली नवी वही काढली.

त्यांना हे एवढं का लागलं होतं ते आमच्या गल्लीत माझ्या आईलाच ठाऊक होतं. मागच्या फेब्रुवारीत त्या वाकुई-सानच्या अंत्यविधीला गेल्या होत्या. वाकुई-साननी त्या गेममधले सगळे रस्ते आखलेले. तिथे त्यांच्या मुलाने आभार मानताना सांगितलं, "बाबा बहुतेक खेळण्यांच्या दुकानात होते." तोमिए-सान परत आल्या, काळ्या कपड्यांतच आमच्या तव्यापुढे बसल्या, आणि त्या दिवशी कोबी कसाही चिरलेला असताना काही बोलल्या नाहीत. चौदापैकी पाचजण असेच गेलेत.

आमचं दुकान दुपारी दोन ते पाच गिऱ्हाइकांना बंद असतं. त्या वेळात त्या तव्याच्या टोकाला बसून फोन लावायच्या. कानामुळे स्पीकर चालू. मी कोबी चिरायला समोर. म्हणजे हे सगळं मी चोरून ऐकलेलं नाही.

पहिला फोन हिमेजीला, शिराताकी-सानना. ते आता एकाहत्तरचे आहेत आणि प्रत्येक वाक्याआधी दातांतून 'स्सss' असा श्वास आत ओढतात, गरम चहा प्यायल्यासारखा.

"स्सss... मी? मी काय केलं? नुसता बसलेलो असायचो. सगळं एनोमोतोने केलं बघा."

एनोमोतो-सान नारा भागात पर्सिमनच्या केशरी फळांची बाग करतात. ते बोलताना मागे कुत्रा भुंकतो आणि ते दोघांशी एकाच आवाजात बोलतात.

"चित्रं कसली, ठिपके ते. गप रे. ठिपके कुणीही काढेल. गप म्हणतो ना. खरं काम ओनुकींचं. तो भोंगा ऐकलात का?"

ओनुकी-सान वृद्धाश्रमात असतात. ते इतकं सावकाश बोलतात की मधल्या जागेत आईचं एक धिरडं उलटून होतं.

"भोंगा... तो काय... आपोआपच वाजला. शिराताकींनी... वाजवला असेल."

दोन आठवडे हे चाललं. माहीत असलेले जिवंत आठजण, आणि त्यांतल्या एकानेही काही केलेलं नव्हतं. गेलेल्यांच्या घरी फोन केला तर बायका म्हणायच्या, "आमच्या ह्यांचा तुम्हाला त्रासच झाला असेल, माफ करा." प्रत्येकजण आपलं काम दुसऱ्यावर ढकलायचा, दुसरा तिसऱ्यावर. शेवटी वहीत असं दिसायला लागलं की अख्खा गेम एकट्या वाकुई-साननी बनवला. कारण नाही म्हणायला तेच नव्हते.

नारुमी-सानचा ई-मेल आला. अत्यंत नम्र. एका व्यक्तीने रस्ते, चित्रं, संगीत, प्रोग्रॅम आणि गेमच्या डब्यावरचा मजकूर हे सर्व केलं असावं का, याबद्दल ते किंचित साशंक होते.

"सोडून द्या," आई म्हणाली. "आपली माणसं अशीच. बक्षीस मिळालं तरी चुकून मिळालं म्हणतील."

तोमिए-साननी वही बंद केली, परत उघडली. "मी दांडा उजवीकडेच ओढतेय," त्या म्हणाल्या. "सगळे ओढतात तसा. मोडणार कसं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्न बदलला. शिराताकी-सानना विचारलं, "त्या वर्षी तुमचं डोकं सगळ्यात जास्त कुणी उठवलं?"

स्सss असा श्वास आत गेला तो बाहेर येईना. मग ते म्हणाले, "एनोमोतो."

"का बरं?"

"का म्हणजे? मांजराला अकरा शेपट्या काढल्या त्याने. अकरा. एकेका हालचालीला एकेक शेपूट, म्हणजे हलताना सुंदर दिसते म्हणे. मांजर सुंदर दिसायला मेमरीतली तोफूवाल्याची जागा खाल्ली त्या माणसाने. मी विनवण्या केल्या. शेवटी मध्यरात्री गुपचूप सहा कापल्या, तर सकाळी येऊन मोजल्या त्याने."

तोमिए-सान लिहीत होत्या. मांजराची चित्रं: एनोमोतो. साक्षीदार: शिराताकी.

एनोमोतो-सानना विचारल्यावर तर कुत्रासुद्धा गप्प झाला. "शिराताकी. माझ्या मांजराच्या शेपट्या कुणी कापल्या, विचारा त्याला. आणि तो ओनुकी. एका भोंग्यासाठी खरा तोफूवाला पहाटे ऑफिसात आणला. फुंकून फुंकून मला बहिरं केलं. तीन आठवडे."

ओनुकी-सानही अचानक भरभर बोलायला लागले. वाकुईंनी पायऱ्या एवढ्या वाढवल्या की संगीत पुरेना, पुन्हापुन्हा लिहावं लागलं, असं त्यांनी एका दमात सांगितलं. आईचं धिरडं करपता करपता राहिलं.

नारुमी-सानना त्यांनी फोन केला. "तक्रार चालते का साक्ष म्हणून?"

"तक्रार?" इस्त्रीला पहिल्यांदा सुरकुती पडली. "त्यात... कामाचा उल्लेख असेल तर... हो, चालायला हरकत नसावी."

ऑक्टोबर संपेपर्यंत तेरा नावं झाली. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं ते, बांध फुटल्यासारखं आलं. कुणी कुणाचा रंग पळवला, कुणी डब्यावरच्या मजकुरात तोफूवाल्याचं वय चुकीचं लिहिलं, सगळं सहीनिशी. वाकुई-सानविरुद्ध पाच तक्रारी होत्या. त्यांच्या मुलाला तोमिए-साननी पाचही वाचून दाखवल्या. तो पलीकडून म्हणाला, "पायऱ्यांबद्दलची परत वाचता का?"

राहिलं एकच टोपणनाव. 'गार बार्ली चहा'.

त्याच्याविरुद्ध कुणाचीच तक्रार नव्हती. तोमिए-साननी थेट विचारलं, "गार बार्ली चहा कोण?" तर एनोमोतो-सान म्हणाले, "आता... कोण असेल बरं?" शिराताकी-सान म्हणाले, "स्सss... तसं बघायला गेलं तर..." आणि तसं बघायला कुणी गेलंच नाही. बाकीच्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. आणि बार्लीचा गार चहा उन्हाळ्यात सगळा देश पितो, त्यावरून माणूस कसा ओळखायचा?

सोळा नोव्हेंबर झाली, अठरा झाली. मंगळवारी तोमिए-सान तव्यापुढे वही पसरून बसल्या. चौदा रकाने. तेरांत तक्रारी खच्चून भरलेल्या, चौदावा कोरा.

"साधूबिधू असेल कुणी," मी म्हटलं. "त्याने कुणाला त्रासच दिला नाही."

"त्या इमारतीत?" त्या म्हणाल्या. "चूक सापडत नाही याचा अर्थ चूक नाही असा नसतो, मिचिरु. तिथवर कुणी पोचलेलं नसतं." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी कुणाला फोन केले?"

"आठही जणांना."

"आणि प्रत्येकाला मीच विचारलं, की कुणी त्रास दिला."

"हो."

"मग माझी तक्रार त्यांनी कुणाकडे करायची?"

आईने गॅस बंद केला. शहाऐंशीच्या त्या उन्हाळ्यात, ऑफिसचा एसी बिघडलेला असताना, तपासणीच्या टेबलाजवळ बार्लीच्या चहाची मोठी किटली त्या स्वतःच ठेवायच्या, हे तोमिए-साननी हळूहळू सांगितलं. ज्याला गार चहा हवा त्याने तिथे यायचं, आणि आला की वहीतल्या चुका ऐकून घ्यायच्या.

"पण तपासणीवाल्यांचं टोपणनावसुद्धा घालायचं नाही असं मालकांनी सांगितलेलं," त्या म्हणाल्या. "माझं असणारच नाही. ते नाव वर जाताना मी हजारदा बघितलंय. मला वाटायचं, कोण बरं हा."

"मग कळवून टाका नारुमी-सानना," आई म्हणाली.

त्या उठल्या, ग्लास विसळला, पालथा घातला. त्या आता काय म्हणतील ते मला माहीत होतं, आठही आवाजांत ऐकलं होतं. मी काय केलं, नुसती बसलेली असायचे. पण त्या म्हणाल्या, "माझं राहिलं तर वाकुईचंही राहणार. दोन साक्षी हव्यात. तक्रारी."

"कुणी देणार नाही," मी म्हटलं. "तुमच्याबद्दल, तुमच्याच तोंडावर? शिराताकी-सान तर श्वास ओढूनच गुदमरतील."

"देतील."

"एकसुद्धा देणार नाही. पैज."

"कशाची?"

तोमिए-सान मूळच्या मितोकडच्या. तिकडे सकाळी नात्तो लागतो. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, तारा सुटतात, आणि वास असा की आमच्या भागात ते शेजाऱ्याच्या घरात असलं तरी कळतं. मी हरले तर महिनाभर रोज सकाळी त्यांच्याकडे वाटीभर खायचं, असं ठरलं. त्या हरल्या तर काय, ते मी विचारलं नाही, इतकी मला खात्री होती.

गुरुवारी दुपारी पहिला फोन हिमेजीला.

"शिराताकी-सान, मी तुम्हाला काय त्रास दिला?"

"स्सss... कुराओका-सान, काय हे. तुमच्यामुळे तर आम्ही..."

"गोड नको. त्रास."

"नाही हो, कसला त्रास, उलट..."

"तिसरा टप्पा मी कितीदा परत पाठवला?"

मी कोबी चिरायची थांबले. मनातल्या मनात मी जिंकलेही होते.

"एक्केचाळीसदा," शिराताकी-सान म्हणाले. श्वासबिस काही नाही. "एक्केचाळीस. पुलाच्या कठड्यातून तोफू आरपार जातो म्हणून. तोही केव्हा, तर तोफूवाला उलटा चालत, भोंगा वाजवत, मांजराच्या अंगावरून उडी मारेल तेव्हा. कोण उलटं चालतं? माझं लग्न त्या रविवारी होतं. शनिवारी संध्याकाळी तुम्ही आलात. 'जरा बघता का.' अजून स्वप्नात येतं ते."

"लिहून सही करून पाठवाल?"

"आत्ता पाठवतो," ते म्हणाले, आणि आवाज असा होता जणू दुखरा दात निघाला.

एनोमोतो-सानना फार विचारावं लागलं नाही. कुत्र्याला बाहेर काढल्याचा आवाज आला, दार लागलं, आणि मग नऊ तक्रारी. शेवटची होती ती मी तोमिए-सानचा चेहरा बघत ऐकली. "आणि चहा. चहा प्यायला माणूस येणार, तर त्याला आधी चुका. मी तहानलेला राहायचो, पण यायचो नाही. वाकुई म्हणाला, तपासणीवाल्यांचं नाव नको म्हणतात तर तिचं नाव आपण चहा ठेवू, मालकांना पत्ता लागणार नाही. त्याने चिठ्ठी लिहिली, मी शिराताकीच्या टेबलावर टाकली, त्याने डोळा मारला."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?" तोमिए-सान म्हणाल्या. "दोघांनीही?"

"अहो, आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊकच आहे. स्वतः कसं सांगायचं म्हणून विनयाने विचारताय. मग आम्ही पटकन सांगणं बरं दिसलं नसतं."

तोमिए-सान स्पीकर बंद न करताच हसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं. त्या हसण्याची नक्कल मला अजून जमत नाही, सुरुवात खोकल्यासारखी आहे आणि पुढे फसते.

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी चौदा नावं गेली. तेरा जणांची त्यांनी भरली होती, तसंच चौदावं. नाव: कुराओका तोमिए. काम: तपासणी. साक्षी: दोन. खाली टीप वगैरे काही नाही, माफी नाही, 'माझं फारसं काही नव्हतं' असं नाही. पाचच्या आत नारुमी-सानचं उत्तर आलं, की चौदाही ग्राह्य.

नात्तो सोमवारपासून सुरू झाला. आज एकोणिसावा दिवस. वाटी संपली की त्या ती माझ्या हातून घेतात, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरतात, तळाशी एखादा दाणा राहिलेला असतोच, आणि म्हणतात, "जरा बघता का."